वाड्यानं धरलेलं सुतक

भोकरदन, ५ नोव्हेंबर १९४८

भालचंद्रा,

वर 'सप्रेम नमस्कार' लिहिलं होतं, ते खोडलं आहे. कागद बदलायला हवा होता, पण आता घरात कागदही जपूनच वापरावा लागतो. माझं तोंड पाहायची तुझी इच्छा नाही हे ठाऊक आहे. तरी शेवटपर्यंत वाच, कारण काम माझं नाही.

लालामिया पिंजाऱ्याला धरलं आहे. आपल्या मच्छिंद्रच्या खुनासाठी. दिवाळीच्या तोंडावर नांदरखेड्यातून त्याला बांधून नेला आणि आता तो जालन्याच्या हवालातीत आहे. पुढच्या महिन्यात मॅजिस्ट्रेटपुढे उभा करतील. गावातल्या दोन देशमुखांनी जबानी दिली आहे की गेल्या साली भाद्रपदात मच्छिंद्र शेवटचा दिसला तो लालामियाबरोबर पूर्णेकडे जाताना, आणि लालामियाच्या अंगावर रझाकाराचा खाकी सदरा होता. सदरा होता हे खरं. त्या दिवसांत गावातल्या प्रत्येक मुसलमानाच्या अंगावर तो बळजबरीनं चढवला होता. लालामियाला तो इतका ढगळ व्हायचा की बाह्या पिंजणीत अडकायच्या आणि तो सगळ्यांसमोर सदऱ्याला शिव्या घालायचा. सदरा सोडला तर बाकीची जबानी झूट आहे.

ती झूट आहे हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? पोलीस तुझ्या मागावर होते तेव्हा तू त्याच्याच पिंजणघरात कापसाच्या ढिगात लपला होतास. मच्छिंद्रनंच तुला तिथं नेऊन घातलं होतं. ज्या माणसानं मच्छिंद्रच्या एका शब्दावर तुला लपवलं, तो रझाकारांसाठी मच्छिंद्रचा गळा दाबेल? तू जालन्याला ये आणि एवढंच सांग. तू सरहद्दीवर लढणाऱ्यांच्या कॅम्पात होतास, निजामाच्या तुरुंगात होतास. नवे साहेब तुला बघून उठून उभे राहतात असं ऐकतो.

माझ्या शब्दाला आता कवडीची किंमत नाही. पोलीस ॲक्शननंतर, निजामाचा पोलीस अमीन म्हणून मला नोकरीतून मुअत्तल केलं आहे. पट्टा काढून घेतला तेव्हा पोट जरा मोकळं झालं, एवढाच फायदा. रस्त्यानं चाललो की लोक मुद्दाम मोठ्यानं खाकरतात. शरयू म्हणते, घरात बसा. घरात बसलो की मच्छिंद्र आठवतो.

नांदरखेड्याचे रखमाजीराव देशमुख पूर्णेकाठी त्याच्या नावाचा चौथरा बांधून राह्यले आहेत. हुतात्म्याचे चुलते म्हणून त्यांचे ठिकठिकाणी हार-तुरे चालले आहेत. तू उत्तर पाठव.

मार्तंड


भोकरदन, १७ नोव्हेंबर १९४८

भालचंद्रा,

उत्तर नाही. बरं. टपाल हरवलं असेल असं मी शरयूला सांगितलं. ती म्हणाली, "हो का?" बायकांना फार बोलावं लागत नाही.

तुझ्या अबोल्याचं कारण मी इतके दिवस गिळून होतो, आज बोलतो. तू कापसात होतास त्या दिवशी झडतीला आलेला अमीन मी होतो. तू माझा आवाज ओळखला असणार. मार्तंड आपल्याला पकडायला आला, असं तू पुढं कॅम्पात सांगितलंस. जालन्याच्या शाळेत असताना तू, मी, मच्छिंद्र तिघं एका खोलीत राहायचो, एका तव्यावरच्या भाकरी खायचो, आणि त्यातला एक दुसऱ्याला बेड्या घालायला आला. चार लोकांना हे पटलंही.

पकडायचाच असता तर पकडला असता रे शहाण्या. वरून हुकूम होता, बरोबर चार जवान होते, त्यांच्यापुढे मला ढीग उपसावाच लागला असता. म्हणून मीच पुढं झालो आणि काठी घातली. ती तुझ्या गुडघ्याला लागली. कापसाला काठी लागणं वेगळं आणि हाडाला लागणं वेगळं, एवढं इतक्या वर्षांच्या नोकरीत कळतं. मी मागं वळून म्हणालो, "इथं कापूसच आहे, चला." लालामिया दाराशी पिंजत होता. त्याचे ओठ पांढरे पडले होते, पण हातातली पिंजणी थांबली नाही.

हे उपकार म्हणून लिहीत नाही. उपकार त्याचे आहेत. सापडला असतास तर तू तुरुंगात गेला असतास. त्याला तर तिथंच भिंतीला उभा केला असता.

आता मच्छिंद्रचं. गेल्या दिवाळीनंतर नांदरखेड्याच्या गावठाणात जमिनीखालच्या एका जुन्या पेवाचं तोंड खचलं. ज्वारी साठवायचं बंद पडून जमाना झालेलं पेव. त्यात तो होता. ओळखायला मला बोलावलं. हातातलं चांदीचं कडं तेवढं ओळखू आलं. पंचांपुढे मी रडलो नाही, अमीन रडत नसतो. घरी येऊन न्हाणीघरात पाणी अंगावर घेत राहिलो. शरयूनं दार वाजवलं तेव्हा कळलं की पाणी केव्हाच संपलं आहे आणि मी रिकामा तांब्या ओततो आहे. मला त्याची आठवण येते, भालचंद्रा. तुलाही येत असेल.

सगळे म्हणाले, रझाकारांचं काम. मलाही तसंच वाटलं. पण तेव्हापासून एक गोष्ट टोचत राहिली. रझाकार मारायचे ते दाखवायला मारायचे. मारलेला माणूस चावडीसमोर टाकून जायचे. पेवात लपवून वर मातीनं तोंड लिंपायची त्यांना काय गरज पडली होती?

मार्तंड


भोकरदन, २८ नोव्हेंबर १९४८

भालचंद्रा,

काल नांदरखेड्याला जाऊन आलो. केदारखेड्यापर्यंत एका बैलगाडीवाल्यानं बसवून घेतलं. पुढं माझं नाव कळल्यावर त्याला एकदम दुसरीकडे जायचं आठवलं. मंग पायीच गेलो. बघ, तुझ्याशी बोलताना गावची भाषा कशी हातात येते.

मच्छिंद्रची नंदाबाई भेटली. तुला ती लग्नातली आठवत असेल, आता ओळखणार नाहीस. दोन पोरं घेऊन एका खणात राहते. धान्य देशमुखांच्या वाड्यावरून येतं. रखमाजीराव तिला सून म्हणतात आणि आल्यागेल्याला दाखवतात.

मी तिला एवढंच विचारलं की तो गेला त्या दिवसांत गावात काय काय झालं, जे आठवेल ते सांग. पोलिसाची ही जुनी रीत. खुनाचं विचारलं की माणूस पाठ केलेलं सांगतो. सणासुदीचं, दुखण्याखुपण्याचं विचारलं की खरं सांगतो. ती ज्वारी निवडत निवडत बोलत होती.

"गणपतीच्या दुसऱ्या दिशी ते वाड्यावर गेल्ते," ती म्हणाली. "मला म्हणले, काकाला येक गोष्ट तोंडावर इचारतो, मंग बुलढाण्याकडं कॅम्पात जातो. ते आले न्हाईत. मला वाटलं, तसेच गेले आसतील. मी वाट पाहून राह्यले."

"आणि वाड्यावर?"

"वाड्यावर काय? औंदा म्हणजी त्या साली महालक्ष्म्या बसल्या न्हाईत तिथं."

मी सावरून बसलो. तू कॅम्पात आणि तुरुंगात राहून विसरला असशील तर सांगतो. आपल्याकडं भाद्रपदातल्या महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, चुकत नाहीत. घर गहाण पडो, बाई आजारी पडो, जाऊ मांडते, नणंद मांडते. नांदरखेड्याच्या वाड्यावरच्या महालक्ष्म्या म्हणजे अख्ख्या भावकीच्या. त्यांच्या पंगतीला गाव जेवतं.

"का बसल्या नाहीत?" मी विचारलं.

"द्वारकाकाकूला ताप हाये म्हणले. मंग मी गेले. म्हणलं, काकू, तुम्ही पडून ऱ्हावा, मी मांडते, मी बी याच घरची सून हाये. तर ताप कशाचा? त्या चुलीपाशी बसल्या होत्या, चांगल्या. चुलीवर नुसतं वरण शिजून राह्यलं होतं, फोडणी बी न्हाई. सणाच्या दिवसांत त्या घरात कढई चढली नव्हती. देवघराचं दार लोटलेलं. मी कपाळभर कुंकू लावून गेल्ते. काकूनी माझ्या कपाळाकडं पाह्यलं अन् त्यांचे डोळे भरून आले. मला हात लावू दिला न्हाई. जा म्हणल्या, घरी जा बाई."

एवढं सांगून ती थांबली. सूप तसंच मांडीवर. पाहता पाहता तिच्या तोंडाचा रंग बदलला. वर्षभर जे समोर होतं ते तिला तेव्हा दिसलं: फोडणी, कढई, देवघर बंद असतं ते सुतकातच. भावकीत कोणी मेलं नव्हतं. मेल्याची खबर कोणाला नव्हती. ती स्वतः कुंकू लावून हिंडत होती. आणि वाड्यावर सुतक चालू होतं.

"ते कोणाचं सुतक धरलं होतं, भाऊजी?" तिनं मला विचारलं.

तिला सोडून निघालो. असा माग इतकी वर्षं मी कधी काढला नव्हता, आणि तो निघाला तर आनंद काही झाला नाही. तुझ्या डोक्यात येईल की खून करणारा माणूस सुतक कशाला पाळेल. रखमाजीराव पाळतील. एकादशीला पाण्याचा घोट न घेणारा माणूस आहे तो. देवीच्या पंगतीला बाटलेल्या हातानं वाढून घरादाराचं वाटोळं करून घ्यायची त्यांची छाती नाही.

लालामियाला थंडी फार वाजते असं जालन्याहून कळलं. आयुष्यभर लोकांच्या रजया भरल्या बिचाऱ्यानं. शरयूनं आपली एक पाठवली आहे.

मार्तंड


भोकरदन, ८ डिसेंबर १९४८

भालचंद्रा,

शरयू नको म्हणत असताना मी वाड्यावर गेलो. भर दुपारी, समोरच्या दारानं. रखमाजीराव ओसरीवर अडकित्त्यानं सुपारी कातरत बसले होते. त्यांनी नोकराला पाणी आणायला सांगितलं.

"बसा अमीनसाहेब," ते म्हणाले. "अमीन न्हाई राह्यले म्हणा, पण आमच्या तोंडातली सवय जात न्हाई."

मी म्हणालो, "रावसाहेब, गेल्या साली महालक्ष्म्या का बसल्या नाहीत?"

अडकित्ता थांबला नाही. त्यांनी सुपारीचं खांड बारीक केलं, नोकर पाणी ठेवून आत गेला त्याची वाट पाहिली, आणि मग माझ्याकडं बघितलं. मी इतकी वर्षं गुन्हेगार पाहिले. कोणी आरडतो, कोणी पाया पडतो. हा माणूस थकलेला दिसला, माझ्यासारखाच.

"सुतक तर धरावंच लागतं, मार्तंडराव," ते म्हणाले. "सख्ख्या चुलतभावाचं पोरगं. कसा मेला हा सवाल वेगळा. मेला कोण, हा वेगळा. मेल्यानं का भावकी तुटते?"

भालचंद्रा, मला राग आला नाही. मी विचारलं, "त्यानं काय विचारलं तुम्हाला?"

"तुम्हाला ठावं हाये."

मला ठाऊक होतं. वाड्याचा माणूस भोकरदनच्या रझाकारांच्या नाक्यावर येताना मी डोळ्यांनी पाहिला होता. तोच वाडा तुमच्या कॅम्पाला ज्वारी पाठवत होता. दोन्ही डगरींवर हात. सरहद्दीच्या ओढ्यात तुमची चार पोरं घेरून मारली, त्यांची वाट नाक्यावर कोणी कळवली हे मच्छिंद्रला कळलं होतं. तो सरळ तुझ्याकडं आला असता तर आज जिवंत असता. पण आपल्या लोकांची खोड! वडीलधाऱ्याची चुगली पाठीमागून करायची नाही, आधी तोंडावर विचारायचं. तो काकाची अदब राखायला गेला आणि काकानं त्याला राखला नाही.

"लालामियाचा काय गुन्हा?" मी म्हणालो.

"काय बी न्हाई," रखमाजीराव म्हणाले. "पण खून झाला म्हणजी खुनी लागतो. सध्याच्या दिवसांत त्याच्यासाठी कोण उभा ऱ्हाणार? अन् तुम्ही हे सांगणार कोणाला? तुमच्या भालचंद्ररावांना? त्यांना तालुका कमिटीचं अध्यक्ष करायचं आमीच ठरवलं. चौथऱ्यावर पाटी लावायला त्येच येणार हायेत, बिलकुल पक्कं."

मी उठलो. त्यांनी मला दारापर्यंत पोचवलं आणि वर म्हणाले, "जपून जा, ऊन हाये."

तू अध्यक्ष होणार आहेस हे मला त्यांच्या तोंडून कळावं याचं वाईट वाटलं. हो बाबा, खुशाल हो. पण वीस तारखेला जालन्याला सुनावणी आहे, तिथं ये. ही खुनाची कबुली मी एकट्यानं ऐकली आहे आणि मला कोणी विचारत नाही. वकील पाहिला, तो म्हणाला, मुअत्तल अमीन साक्षीला उभा राहिला तर पिंजारी उद्याचा आज फासावर जाईल. तू एक वाक्य बोललास तर त्याचा जीव वाचतो. देशमुखांचं नावही घेऊ नकोस हवं तर. फक्त कापसाचं सांग.

मार्तंड


जालना, २१ डिसेंबर १९४८

भालचंद्रा,

काल तू आला होतास. खादीचा नवा कोट चांगला दिसत होता. मॅजिस्ट्रेटांनी रखमाजीरावांना खुर्ची दिली, त्यांनी तुला शेजारी बसवलं, आणि तू बसलास. मी मागं भिंतीशी उभा होतो. माझी सगळी पत्रं तुला पोचली होती, हे तू माझ्याकडं ज्या रीतीनं पाहिलं नाहीस त्यावरून कळलं.

जे झालं ते तुझ्यासमोर झालं. तरी लिहितो, कारण तू बराच वेळ खाली बघत होतास.

दोन्ही देशमुखांनी पढवलेलं सांगितलं. मग मॅजिस्ट्रेट, मद्रासकडचा भला माणूस, कोर्टाच्या पेशकाराकरवी लालामियाला म्हणाले, तुझ्या बाजूनं सांगणारा कोणी आहे का इथं? लालामियानं मान वर केली. सगळ्या खोलीवरून नजर फिरवली, ती तुझ्यावर आली आणि थांबली. मी मनात म्हणालो, घे, नाव घे. तुझं नाव त्याच्या ओठावर आलेलं मला दिसलं. मग तो खाली बघून म्हणाला, "कोणी न्हाई, साहेब."

त्यानंतर नंदाबाईला बोलावलं. फक्त कडं ओळखायला. ते तिनं ओळखलं, हातात घेतलं, आणि परत ठेवलं नाही. पेशकार म्हणाला, बाई, झालं, जा. ती वळून रखमाजीरावांच्या समोर जाऊन उभी राहिली. डोक्यावरचा पदर सरळ केला. तिच्या घरात वाड्याचं धान्य आहे, पोरं वाड्याच्या भाकरीवर आहेत, हे ती विसरली नव्हती.

"मामंजी," ती म्हणाली, "मागल्या साली महालक्ष्म्या बसल्या न्हाईत. मी कुंकू लावून तुमच्या दारी आल्ते. तवा कोणाचं सुतक धरलं होतं तुम्ही?"

मॅजिस्ट्रेट पेशकाराला विचारू लागले, ती काय म्हणते? पेशकारानं काहीतरी सांगितलं. साहेब म्हणाले, सणाच्या जेवणाचा या खटल्याशी काय संबंध, बाईंना बसवा. त्यांच्या कागदावर एक अक्षर उमटलं नाही.

पण खोलीतल्या प्रत्येक नांदरखेडकराला कळलं होतं. सुतक होतं म्हणावं, तर खबर कशी लागली? नव्हतं म्हणावं, तर अख्ख्या भावकीसमोर कबूल करायचं की घरची देवी कारणाशिवाय उपाशी ठेवली. रखमाजीरावांनी तोंड उघडलं आणि मिटलं. बोलायला कधी न अडखळणारा तो माणूस. नंदाबाई उभीच राहिली.

पहिल्यांदा म्हातारा कडूबा देशमुख उठला, ज्यानं सकाळीच शपथेवर साक्ष दिली होती. "साहेब," तो म्हणाला, "माझी जबानी मागं घेतो. म्या काय बी पाह्यलं न्हाई. मला सांगाय लावलं." मग दुसरा म्हणाला, "म्या बी न्हाई." आणि मग भावकी उठली. कोणी शब्द बोललं नाही. एकामागं एक उठून जोडे घालून बाहेर निघून गेले. खुर्च्यांवर तुम्ही दोघंच राहिलात.

लालामियाला पुराव्याअभावी सोडलं. रखमाजीरावांना कोणी हात लावला नाही. लागेल असंही मला वाटत नाही. ते टांग्यात बसून गेले. पण त्या टांग्यात त्यांच्याबरोबर त्यांच्या रक्ताचं कोणी बसलं नाही. मच्छिंद्रला न्याय मिळाला का, असं इथं बरोबर आलेल्या शरयूनं मला रात्री विचारलं. मी म्हणालो, माहीत नाही, मला झोप येते आहे. खरंच आली. पुष्कळ दिवसांनी.

नंदाबाई आणि पोरं आमच्याकडं येणार आहेत. कसं भागेल ते बघू. तुझ्यावर रागवायला बसलो होतो, पण तेवढी ताकद उरली नाही. तुलाही भीती वाटली असेल. ज्याला लोक वाघ म्हणू लागतात त्याला भीती लपवायला जागा उरत नाही.

लालामिया काल संध्याकाळी सुटला तेव्हा मी फाटकाशी होतो. त्याला उभं राहवत नव्हतं. मी धरून त्याला झाडाखाली बसवलं, चहा पाजला. त्याचं पिंजणघर जळालं आहे हे त्याला अजून सांगितलेलं नाही. चहा पिऊन त्यानं पहिली गोष्ट तुझी विचारली. मग माझा हात धरून म्हणाला, "भालूदादाला सांगा, घाबरू नका. म्या नाव घेतलं न्हाई."

निरोप पोचवला.

मार्तंड